सत्तर अक्षरांच्या आत

रोज सकाळी गॅसवर दूध ठेवलं की ताई ओट्याशी उभी राहून अक्षरं मोजायची. डाव्या हाताच्या बोटांची पेरं, त्यांवरून सरकणारा अंगठा आणि ओठांतल्या ओठांत एखादा साधासा मजकूर: 'आज जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजा.' चार बोटांची पेरं बारा. पाच फेऱ्या आणि वर दहा, म्हणजे सत्तर. सत्तरच्या पुढे गेलं की साध्या फोनवर मेसेजचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा कधी कधी पहिल्याच्या आधीच पोचतो. फोनला काना, मात्रा, वेलांटी सगळ्याचं वजन लागतं. मधल्या रिकाम्या जागेचंसुद्धा.

दुधाचा नियम तिचा स्वतःचा होता. दूध वर यायच्या आत मजकूर वाचून, समजून, लक्षात राहून झाला पाहिजे. नाही झाला तर तो खोडायचा. "जिला हे वाचायचंय तिचंही दूध गॅसवरच असणार," ती म्हणायची.

मोजण्याच्या नादात दूध उतू गेलं की ओटा पुसायची पाळी मात्र धाकटीची. धाकटी म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली ती शिलाई मशीन घेऊनच. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत दोन पलंग, मध्ये स्वयंपाकघर. बालवाडीचे गणवेश ती शिवायची. त्या गणवेशात जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना ताई मेसेज लिहायची. "एकीने मूल आतून शिवायचं, एकीने बाहेरून," असं शेजारीण एकदा म्हणाली होती. धाकटीने फडका पिळत उत्तर दिलं होतं, "हो, आणि ओटा पुसायचा तो एकीनेच."

ताईने एकतीस वर्षं बालवाडीत काढली होती. पहिल्या दिवशी मुलं का रडतात याचा तिचा अभ्यास होता. आई दिसेनाशी झाली म्हणून रडतात ती थोडी, आणि ती लवकर थांबतात. बाकीची रडतात ती बटण निघत नाही म्हणून, खुंटी उंच आहे म्हणून, शू लागली हे कुणाला आणि कसं सांगायचं ते माहीत नाही म्हणून. या रडण्यावर घरीच इलाज आहे, रोज दोन मिनिटांचा, हे तिने इतक्या लोकांना इतकी वर्षं सांगितलं, की ती निवृत्त झाल्यावर मुलांच्या दवाखान्याशेजारच्या पालक केंद्राने तिला बोलावूनच घेतलं. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं बालवाडीत जाणार अशा नऊशे घरांना आठवड्यातून तीन मेसेज: सोमवारी, गुरुवारी, रविवारी, सकाळी दहाला. लिहायचे ताईने. सांगितलेलं करून झालं की घरच्यांनी उलट एकच शब्द पाठवायचा: 'केलं'.

फार थोडे पाठवायचे. केंद्राचे साहेब म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. ताईचं म्हणणं, घडा पालथा असला तरी बाहेरून ओला होतोच.

दर आठवड्याला केंद्रातून ती एक कागद घरी आणायची. कुठल्या नंबरवरून किती वेळा, किती वाजता 'केलं' आलं त्याचा. नावं नसायची, नंबराचे शेवटचे तीन आकडे फक्त. त्यात एक नंबर होता, तीनशे चार. तिथून एकही दिवस चुकला नव्हता. कधी मिनिटाभरात, कधी दिवस मावळता, पण 'केलं' यायचंच. ताईला त्या घराचं वेड लागलं. संध्याकाळी काजं करणाऱ्या धाकटीसमोर बसून ती ते घर रंगवायची. हात धरून जिना चढणारी मुलगी, पायऱ्या मोजणारी आई, दारामागे खाली लावलेली खुंटी. "शाळा सुरू होईल तेव्हा शोधून काढणार मी ते मूल," ती म्हणायची. "पहिल्या दिवशी सगळा वर्ग रडत असेल आणि ते एकटंच डबा उघडून बसलेलं असेल."

"आपला तो बाब्या," धाकटी दाताने दोरा तोडत म्हणायची.

शाळा सुरू व्हायला दोन महिने होते. एका रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत एक माणूस येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, उजवा हात डाव्यापेक्षा उन्हाने जास्त रापलेला. गणवेश शिवायचा होता, मुलीचा. आकाशी फ्रॉक, पांढरी कॉलर, पुढे चार बटणं. शाळेने इथलाच पत्ता दिला होता. धाकटीने मान वर न करता सांगितलं की मुलीला घेऊन या, माप घेते.

तिला आणता येणार नाही, तो म्हणाला. ती इथे नाही.

मग अंगातला एखादा फ्रॉक आणा. तोही नव्हता. तेव्हा धाकटीने मान वर केली आणि विचारलं, बरं, उंची तरी सांगा. त्याने हात पुढे केला, तळवा जमिनीकडे करून मांडीपाशी धरला. मग जरा वर नेला. मग पुन्हा किंचित खाली आणला.

"पोर आहे की अंदाज आहे?" धाकटीने गंमत केली.

तो हसला नाही. हात तसाच हवेत ठेवून तो म्हणाला, की इतकी होती. आता वाढली असेल, तर किती धरू?

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात दहा झाले होते. त्याने धाकटीला थांबायची खूण केली आणि डोळ्यांपासून लांब धरून मेसेज वाचला. त्यात काय आहे ते धाकटीला पाठ होतं. सकाळी दुधावर तेच ऐकलं होतं. 'आज चार बटणं मुलाला लावू द्या. वेळ लागेल. मध्ये हात घालू नका.' त्या माणसाने फोन टेबलावर ठेवला. आपल्या शर्टाच्या बाहीचं बटण काढलं आणि एका हाताने सावकाश पुन्हा लावलं. मग दुसऱ्या बाहीचं. पुन्हा पहिल्या, पुन्हा दुसऱ्या. चार झाली. फोन उचलून त्याने एक शब्द लिहिला आणि पाठवला.

धाकटीच्या हातातली टेप तशीच राहिली. वहीत लिहायला म्हणून तिने त्याचा नंबर विचारला; शेवटी तीन, शून्य, चार. तिने आत हाक मारली, "ताई, जरा बाहेर ये. तुझा तीनशे चार आलाय."

त्याने सगळं सांगितलं ते उभ्यानेच. बैस म्हटलं तरी बसला नाही. तो ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यातले चार दिवस घरी. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा मुलगी दोन वर्षांची. बायकोची बहीण तिला आपल्याकडे घेऊन गेली. गाव नऊ तासांवर. तेव्हा ठरलं होतं, की शाळेच्या वयाची होईपर्यंत राहू दे, मग ने. केंद्र नंबर दवाखान्यातून घ्यायचं; तिथे त्याचाच लिहिलेला होता म्हणून मेसेज त्याला येऊ लागले. पहिला आला तेव्हा तो एका ढाब्यावर होता. पायऱ्या मोजा, असं होतं. समोर ढाब्याच्या पायऱ्या होत्या, त्याने मोजल्या. सात. मग सवयच लागली. आता त्याने गोदामात दिवसाची नोकरी बघितली होती. शाळा उघडली की रुजू व्हायचं. शाळेजवळ खोली घेतली होती. खुंटीही लावली होती, ताईच्या मेसेजमध्ये होती तशी, खाली.

"ती आली की मी अडाणी दिसायला नको, बाई," तो म्हणाला. "आपलं सगळं तयार पाहिजे."

ताई त्या दिवशी जेवली नाही. कागदावरच्या त्या तीन आकड्यांभोवती तिने जे घर बांधलं होतं, ते एका ट्रकच्या केबिनमध्ये निघालं. धाकटीने अंदाजाने फ्रॉक बेतला. चार वर्षांच्या मुलीचं सरसकट माप घेतलं, शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडलं. ताई शेजारी बसून बघत राहिली आणि म्हणाली, की दर रविवारी तो पोरीला फोन करतो. म्हणजे रविवार आपल्या हातात आहे.

पुढच्या रविवारपासून नऊशे घरांना वेगळेच मेसेज जायला लागले. 'मुलाला विचारा: तुझ्या खिडकीतून काय काय दिसतं?' 'आज एक आवाज काढा. कशाचा ते मुलाला ओळखू द्या.' 'आज तुम्ही काय मोजलं ते मुलाला सांगा.' मूल समोर नसलं, नऊ तासांवर असलं, तरी चालेल असे. धाकटीला पहिल्याच दिवशी कळलं हे कुणासाठी आहे. बाकीच्या घरांना काय कळणार. एका बाईने केंद्रात फोन करून विचारलं म्हणे, की मूल माझ्या मांडीवर आहे, खिडकी माझ्यासमोर आहे, मग विचारू काय? साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. बटणं, खुंट्या, डबे सोडून हे काय चाललंय, आणि शाळा तोंडावर आलेली. ताईने खरं सांगितलं. साहेब चांगला माणूस. ते म्हणाले, बाई, एका माणसासाठी नऊशे घरं दावणीला बांधू नका.

फ्रॉकची चौकशी करायला तो मध्ये एकदा येऊन गेला. आवाजाच्या रविवारी त्याने गाडीचा हॉर्न ऐकवला होता. पलीकडून पोरगी 'बाबा' म्हणाली होती. मावशीने शिकवलं असेल, असं तोच म्हणाला, पण ते म्हणतानाही त्याचा चेहरा लपत नव्हता. ताई त्या दिवशी घरभर गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या तोंडून नको ते गेलं. दूध उतू गेलं होतं, गणवेशांचा ढीग पडला होता, पाठ भरून आली होती. ती म्हणाली, "नऊशे घरं सोडून एका घराच्या मागे लागलीस. स्वतःचं मूल असतं ना, म्हणजे कळलं असतं, दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं ते."

ताईने फडका घेतला आणि ओटा पुसला. स्वतः. मग गॅसच्या बर्नरखाली करपून धरलेलं दूध सुरीच्या टोकाने खरवडत ती बराच वेळ उभी होती. धाकटीला पुढे कित्येक महिने ते खरवडणं ऐकू येत राहिलं.

शाळा उघडायच्या आधीचा तिसरा रविवार. त्या दिवशीचा मेसेज ताईला फार आवडला होता. एकतीस वर्षं वर्गात विचारलेला प्रश्न होता तो, हमखास चालणारा. सगळ्यांत बुजरं मूलसुद्धा त्याला तोंड उघडतं. 'आज विचारा: तुझ्या घरात कोण कोण आहे? नाव घेईल तसं एकेक बोट उघडा.' सत्तरच्या आत आरामात बसला, दूध वर यायच्या कितीतरी आधी.

दहाला मेसेज गेला. तीनशे चारकडून त्या दिवशी 'केलं' आलं ते संध्याकाळी.

तो आला त्याच आठवड्यात. फ्रॉक तयार होता, इस्त्री करून खिळ्याला टांगलेला. त्याने तो पाहिला, पण हात लावला नाही. यावेळी बैस म्हटल्यावर बसला. रविवारी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन त्याने फोन लावला होता, मेसेजमधलं जसंच्या तसं विचारलं होतं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बोटं उघडत गेला होता.

"मावशी, काका, आजी, दादा, आणि ती स्वतः. पाच झाले. मग मांजर," तो म्हणाला. "मी विचारलं, आणखी कोणी? ती म्हणाली, संपलं."

धाकटीचा पाय मशीनच्या पायट्यावर होता, तो तिने उचलून खाली ठेवला.

मग तो खाली बघत सांगत राहिला. दोन दिवस विचार केला. तिचं घर भरलेलं आहे. त्यातून उचलून आणायची, ती एका खोलीत, एका खुंटीजवळ, अशा माणसापाशी, जो तिच्या मोजणीतच नाही. मेव्हणीने आपल्या गावच्या बालवाडीत नाव घालायचं विचारलं होतं. त्याने घाल म्हणून सांगितलं. गोदामातही कळवलं, की येत नाही.

ताई म्हणाली, "माझा प्रश्न चुकला. घरात कोण, असं विचारायला नको होतं मी."

"प्रश्न असू दे, बाई," तो म्हणाला. "उत्तर बरोबर होतं ना."

फ्रॉक त्याने नेला नाही. तिकडच्या शाळेचा गणवेश हिरवा होता. कुणाला बसला तर द्या, म्हणाला. धाकटीने त्या वर्षी दोन मुलींना तो घालून पाहिला. एकीला खांद्यात सैल, दुसरीला गुडघ्याच्या वर. हवेत हात धरून दाखवलेल्या मापाचं मूल कुठे मिळायचं? तिने तो घडी करून मशीनच्या खणात ठेवला आणि वर बटणांचा डबा ठेवला.

पहिल्या दिवशी ताई शाळेच्या फाटकाशी गेली नाही. शाळेतली एकतीस आणि केंद्रातली दोन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नवं वर्ष सुरू झालं, नवी नऊशे घरं आली. जुने नंबर काढून टाकायचे असतात. ताईने एक ठेवला. साहेबांनी पाहिलं आणि पाहिलं नाही. जुनेच मेसेज पुन्हा जाऊ लागले: पायऱ्या, बटणं, खुंटी. आणि कुठल्या कुठल्या रस्त्यावरून तीनशे चारचं 'केलं' येत राहिलं. कागदावर ते दिसलं की ताई चष्मा काढून पुसायची. तो कशाकशाच्या पायऱ्या मोजत असेल, हे आता ती बोलून दाखवत नव्हती.

तो एक मेसेज तेवढा ती पाठवू देईना. दुरुस्त करते, म्हणायची. वर्षभर दुरुस्त करत होती. एकदा 'घरात आणि घराबाहेर कोण कोण' असं करून शेजारच्या पोरावर चालवून पाहिलं. त्याने पोस्टमन, दूधवाला आणि तीन कुत्री नावानिशी सांगितली, आणि बापाला विसरला. बाप शेजारीच उभा होता. धाकटी हसून हसून खाली बसली. ताईही हसली, मग म्हणाली, नाही, हेही नाही. एकदा 'तुझ्यावर माया कोण करतं' असं लिहिलं आणि स्वतःच खोडलं. मुलाला काय माहीत कोण किती लांबून करतं ते.

मधल्या एका दुपारी काजं करता करता धाकटी एकदम म्हणाली, की त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं. ताईने विचारलं, कुठल्या दिवशी? धाकटीने मान वर करून पाहिलं. ताई पेरं मोजत होती. तिला खरंच आठवत नव्हतं, की तसं दाखवत होती, हे धाकटीला शेवटपर्यंत कळलं नाही.

ताई गेली ती एका गुरुवारी, बाजारातून येताना. पिशवी दुकानाच्या पायरीवर नीट ठेवून बसली आणि मग उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चार दिवसांनी धाकटीने ओट्यावरच्या डब्याखालचा कागद उचलला. ताई लिहायला वापरायची तसाच, पाठकोरा, दुधाचा एक डाग पडलेला. खोडाखोडीच्या खाली एक ओळ शिल्लक होती. 'आज विचारा: तुझी माणसं कोण कोण? जवळची, लांबची. एकेक बोट उघडा.' पुढे आकडा लिहिलेला होता, साठ. दहा अक्षरं उरली होती. धाकटीने कागद केंद्रात नेऊन दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, आणि रविवारी दहाला तो नऊशे घरांना गेला. आणि आणखी एका नंबरला.

कुठल्या घरी कुणी किती बोटं उघडली ते धाकटीला कळायचा मार्ग नव्हता. तो कागद आता तिच्या घरी येत नव्हता.

महिन्याभराने ड्रायव्हर आला. त्याला केंद्रात कळलं होतं. आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून तो बसला. मग खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून त्याने मशीनवर ठेवला. दोन ठिकाणी गाठी होत्या. तिकडे जाऊन आलो, म्हणाला. भिंतीला उभी करून माप घेतलंय. एक टोक तिनेच धरलं होतं. आकाशीच शिवा, घरी घालायला होईल.

त्या रविवारी पोरीने काय उत्तर दिलं, हे धाकटीने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तिने सुतळी टेपवर धरली आणि गाठीपासून गाठीपर्यंतचा आकडा वहीत लिहिला. मशीनच्या खणातला फ्रॉक काढून शेजारी ठेवून पाहिला. चार बोटं कमी पडत होता. शिवणीत सोडलेलं कापड उसवलं असतं तरी पुरलं नसतं.

तो गेल्यावर तिने चहा ठेवला आणि ओट्याशी उभी राहिली. लोक येऊन विचारून जात होते, की शेवटी काही बोलल्या का ताई, काही सांगून गेल्या का. धाकटी नाही म्हणायची. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या गुरुवारी सकाळी ताई नेहमीसारखी इथेच उभी होती, डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा, पुढ्यात तो कागद. धाकटी बाहेर धागा ओवत होती. आतून ताईची हाक आली होती, रोजच्यासारखीच, जरा घाईची.

"अगं, दूध बघ गं, मी मोजतेय."